उरलेलं डिझेल

खैरनारकाकांना कुठलीही वस्तू अर्ध्याखाली गेलेली चालत नसे. गाडीतलं पेट्रोल, प्यायच्या पाण्याच्या बाटल्या, डब्यातलं पीठ, सगळ्यांना एकच नियम. "कमी पडायला नको," एवढंच म्हणत आणि भरून आणत. कतारच्या हमद पोर्टवर ते क्रेनच्या देखभालीचं काम बघत, मी त्याच विभागात नियोजनाला. स्टोअरमध्येही त्यांचं तेच चाले. आम्ही तरुण मंडळी हसायचो. ते मान खाली घालून कामाला लागत.

उम्म सलाल मोहम्मद या गावात एका जुन्या व्हिलात ते आणि सुनंदाकाकू भाड्यानं राहायचे. एका बाजूला एका कतारी माणसाचं शेत, मागे नुसती रेती. दोघं सटाण्याकडचे. आपसात अहिराणीत बोलत. मी गेले की माझ्यासाठी मराठीवर येत. काकूंची फुप्फुसं हळूहळू थकत चालली होती. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं आणि काकांची झोप गेली, कारण उन्हाळ्यात एसींचा भार वाढला की त्या जुन्या घरातली वीज मध्येच जायची. त्यांनी एक जुना जनरेटर घेतला आणि भिंतीलगत डिझेलची भली मोठी टाकी बसवली. अर्थात, तीही कायम भरलेली.

"याच्या टाकीवर आख्खं गाव चालेल," काकू मला म्हणायच्या. मग नळी नाकाशी नीट करत, "आणि मला एकटीला पुरायची नाही की काय, म्हणून पुन्हा भरतो."

एका हिवाळ्यात काकू हॉस्पिटलमध्ये गेल्या त्या परत आल्या नाहीत. काका त्यांचा देह गावी घेऊन गेले, सगळं उरकून परतले आणि कामावर रुजू झाले. पुढे त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं. त्याच सुमारास घरमालक वारले आणि त्यांच्या मुलांनी व्हिला विकायला काढला. घेणाऱ्याची एकच अट होती. टाकी रिकामी करून उचलायची, अंगणात तेलाचा डाग दिसता कामा नये.

एका शुक्रवारी मी सामान बांधायला मदत म्हणून गेले, तर काका अंगणात टाकीकडे बघत बसलेले. घेणाऱ्याचा माणूस नुकताच येऊन गेला होता.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, पीछे रेत में डाल दो, खलास." काका उठले नाहीत. "किती सोपं. मी म्हटलं, नाही भाऊ. पुढे इथे कोणी लेकरं घेऊन राहील, झाड लावील."

मग त्यांची वणवण सुरू झाली. पंपवाल्यांनी परत घ्यायला नकार दिला. गॅरेजवाला म्हणाला, जुनं डिझेल आहे, खाली पाणी साचलं असणार, माझी इंजिनं बिघडतील. एक जण न्यायला तयार झाला, पण त्याच्याकडे परवाना नव्हता. रोज संध्याकाळी काका मला फोनवर नवा नकार सांगत. आवाजात चीड नव्हती, नुसता थकवा होता. "एक तेल काढायला माणसानं किती जणांच्या पाया पडावं," एकदा म्हणाले.

शेवटी शेजारच्या शेतातला पाण्याचा पंप कामाला आला. तो डिझेलवर चाले. तिथल्या बांगलादेशी माणसानं, रफिकनं, मालकाला फोनवर विचारलं आणि सांगितलं, वरचं स्वच्छ तेल फिल्टर लावून द्या, आम्ही वापरू. तळाचा काळा गाळ आणि पाणी वेगळ्या ड्रममध्ये काढायचं ठरलं. ते वापरलेलं तेल गोळा करणारी परवानाधारक गाडी नेणार होती.

पुढच्या शुक्रवारी आम्ही भिंतीवरून रबरी नळी टाकली. काका हातपंप मारत होते, पलीकडे रफिक पिंपं बदलत होता. उन्हं कलायला लागली तरी तेल येतच होतं. काका थांबले, टाकीला पाठ टेकून खाली बसले. मी पंपाचा दांडा हातात घेतला.

"सुनंदाला जायचं होतं गं," ते म्हणाले.

"कुठे?"

"सटाण्याला. बहिणीकडे. शेवटच्या वर्षी रोज म्हणायची, मला इंदूकडे ने. मी म्हणायचो, तिथे लाईट जाते, मशीन बंद पडलं तर काय करशील? इथे टाकी भरलेली आहे." त्यांनी तेलकट हात पँटला पुसले. "भांडायची ताकद नव्हती तिच्यात. गप्प बसली. शेवटी गेलीच, पण पेटीतून."

मी पंप मारत राहिले.

"इंदूमावशींना माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही. सुनंदाला गावी नेलं तेव्हा ती रडत विचारत होती, ताईला माझी आठवण यायची का? मी नुसती हो म्हणून मान हलवली."

पलीकडून रफिकनं हाक दिली, "बस, दादा." नळीतून गढूळ यायला लागलं होतं. गाळाचा ड्रम दोन दिवसांनी गाडीनं नेला. टाकी उचलल्यावर काकांनी खालची फरशी साबणानं घासून घेतली आणि किल्ल्या दिल्या. विमानतळावर मला म्हणाले, "चल पोरी. फार दमलो आता."

महिनाभरानं मी फोन केला. ते इंदूमावशींकडेच उतरले होते. काकूंच्या साड्या त्यांना द्यायच्या होत्या.

"सांगितलंत का?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. साड्या तिच्या पुढ्यात ठेवल्या आणि सगळं सांगितलं. सुनंदा यायला तयार होती, मीच आणलं नाही म्हटलं."

"मग काय म्हणाल्या?"

त्यांच्या मागे कुणीतरी भांडी हलवत होतं.

"तशीच उठली. आत गेली. मला वाटलं, आता आपली बॅग उचलावी. तर ताट घेऊन आली. म्हणाली, भाकरी गरम आहे, आधी जेवून घ्या."