काचेवरचा ट्रे

लातूर सोडलं की नांदेडच्या रस्त्यावर एक हॉटेल लागतं. तिथं गाडीतून उतरावं लागत नाही. हॉर्न वाजवला की वेटर येतो आणि अर्ध्या उतरवलेल्या काचेवर स्टीलचा ट्रे अडकवतो. बाबा दुसरीकडे कुठं थांबायचेच नाहीत. मला वाटायचं, नव्या गाडीची मिजास, दुसरं काय!

मी लातूरला नोकरीला. सणाला आई-बाबा मला न्यायला यायचे आणि मग थेट अर्धापूरच्या घरापर्यंत आईचं तोंड चालू. "डावीकडं म्हैस हाय. ट्रॅक्टर आला. पुढं ब्रेकर." मी वैतागायचे. "गाडी तू चालवायलीस का, आई?" बाबा हसायचे, आई कधीच नाही.

एरवी आम्ही उजेडी घरी पोचायचो. या दिवाळीला मला ऑफिसातून निघायला उशीर झाला. हॉटेलपाशी थांबलो तेव्हा दिवस कलला होता. आई हात धुवायला उतरली. वेटर ट्रे अडकवून गेला. बाबांनी कपासाठी हात पुढं केला, तो ट्रेखालच्या काचेवर आपटला. मग कड चाचपत वर गेला आणि बोटं थेट चहात बुडाली.

त्यांनी बोटं पँटला पुसली. "लई गरम देतेत," म्हणाले.

ते गाडीतून का उतरत नव्हते ते कळलं. आई अखंड का बोलते, तेही.

आई आली आणि माझा चेहरा बघून समजली. "डोळ्याचा पडदा गेलाय त्यांच्या," ती म्हणाली. "कुणाला सांगू देत न्हाईत."

"गाडी इथंच ठेवू. एसटीनं जाऊ," मी म्हटलं. मला गाडी येत नव्हती. शिकवा म्हटलं की बाबा टाळायचे.

"मी काय आंधळा हाय का?" बाबांनी गाडी चालू केली. वेटर धावत आला, त्याने कसाबसा ट्रे काढला. मला उतरता आलं असतं. पण ते दोघं तसेच निघाले असते. मी बसून राहिले. मला बाबांचा भयंकर राग आला होता.

रस्त्याला लागलो. अंधार पडला तरी आई गप्पच. मग तिने मागे हात करून माझं मनगट घट्ट धरलं.

"दिवस बुडाला की मलाबी दिसत न्हाई," ती हळूच म्हणाली. "तू सांग."

समोरून ट्रकचे दिवे येत होते आणि आमच्या पुढ्यात, बिनदिव्याची, उसाची ट्रॉली उभी होती.

"बाबा," मी ओरडले, "ब्रेक!"