फ्रिजवरचं मॅग्नेट आणि उजवं मडगार्ड

वीसेक वर्षं उलटली, तरी ती केस आठवली की माझी अन्नावरची वासना उडते. महाराष्ट्र पोलिसांतून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त होऊन मी दुबईत एका विमा कंपनीत अपघातांच्या चौकशीचं काम करत होतो. वर्दी गेली होती, संशय घ्यायची खोड गेली नव्हती. निदान माझी तशी समजूत होती.

दुबईच्या मुहैस्नाह भागातल्या रस्त्यावर एका शुक्रवारी पहाटे सायकलवरच्या मजुराला मागून उडवून एक गाडी पळाली. मजूर जागीच गेला. दुसऱ्या दिवशी एका मराठी कंत्राटदाराचा ड्रायव्हर आपण होऊन पोलिसांत हजर झाला. कंपनीची पिकअप मीच चालवत होतो, म्हणाला. पिकअपचा विमा आमच्याकडे, म्हणून फाईल माझ्या टेबलावर आली. कंत्राटदार माझ्या घरोब्यातला. त्याच्या गणपतीची आरती माझ्याशिवाय सुरू होत नसे. त्याला आपण शेठ म्हणू.

पिकअप पाहिली. बंपरच्या पोच्यात गंजाचे पापुद्रे, म्हणजे पोचा जुना. सायकल निळी होती, पिकअपवर निळ्या रंगाचा ठिपका नाही. मग कोठडीत ड्रायव्हरला भेटलो. साताऱ्याकडचा, तिशीतला.

"सायकल कुठून आली?"

"समोरून, साहेब."

"अरे, धडक मागून बसलीय."

त्याने मान खाली घातली. "तुम्ही बरोबर असेल ते लिहा. मला कबूल आहे."

सुटायला धडपडणारे ढीगभर पाहिले, पण आत बसायची इतकी घाई झालेला माणूस मी पाहिला नव्हता. शेठला विचारलं. "अहो साहेब, भोळा आहे, घाबरलाय. मी आहे ना त्याच्या मागे." सांगायला लाज वाटते, पण मी ऐकून घेतलं. त्याच आठवड्यात शेठच्या लाडक्या जुन्या अमेरिकन गाडीच्या उजव्या मडगार्डवर हात फिरवून, "काय गुळगुळीत काम करून घेतलंत हो," असंही म्हणालो.

दीड महिन्याने, निकाल आठवड्यावर आलेला असताना, शेठकडे जेवायला गेलो. जूनचं ऊन. गाडी अंगणात उभी होती आणि त्याच मडगार्डवर रंगाला फुगा आला होता, शेजारी केसाएवढी चीर. आमच्या खात्याच्या मोटार विभागात मी दोन वर्षं काढली आहेत. चांगला डेंटर आधी पत्रा ठोकून सरळ करतो, रंग घासून लोखंड उघडं करतो आणि मग नखाएवढा पातळ पुट्टीचा हात देतो. रंगावरच थापलेली जाड पुट्टी उन्हाळ्यात दगा देते. पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो आणि फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं मॅग्नेट काढलं.

"अंकल, दॅट्स माईन," शेठची मुलगी म्हणाली.

"देतो हं बेटा, दोन मिनिटांत."

मॅग्नेट गाडीच्या दाराला चिकटलं, बॉनेटला चिकटलं. उजव्या मडगार्डला लावलं तर पायाशी पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. म्हणजे वर बोटभर पुट्टी, लोखंड पार आत. वर पाहिलं तर शेठ दारात उभा. "जेवायला चला, साहेब," एवढंच म्हणाला. मी मुलीचं मॅग्नेट परत दिलं आणि पानावर जाऊन बसलो.

दुसऱ्या सकाळी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क या कारखान्यांच्या भागातलं शेठचं वर्कशॉप गाठलं. तिथला डेंटर पन्नाशीचा, कामात नामांकित. अशा माणसाला धमकावून काही निघत नाही. मी त्याच्या कामालाच हात घातला.

"काय उस्ताद, वय झालं वाटतं. बोटभर पुट्टी, तीही रंगावर?"

तो उसळला. "तीस वर्षं पत्रा ठोकतोय, साहेब. मला ठोकू दिलं असतं तर एवढी पुट्टी लागलीच नसती. शुक्रवारी सकाळी शेठ स्वतः गाडी घेऊन आले. म्हणाले, उंट आडवा आला, ठोकत बसू नको, भर, रंग मार, खलास."

"कुठल्या शुक्रवारी?"

त्याने हातातला हातोडा खाली ठेवला. मग म्हणाला, "आत बसलाय तो माझा धाकटा भाऊ आहे, साहेब."

भावाला अटक झाल्यावर त्याला सगळं उमगलं होतं. दोघांचे पासपोर्ट शेठच्या कपाटात. सहा महिन्यांत सोडवतो, बायकोपोरांचा व्हिसा काढून देतो, असा शेठचा शब्द. "भाऊच म्हणाला, दादा, तू गप्प राहा. मी राहिलो."

मी पोलिसांना घेऊन शेठच्या अंगणात आलो, डेंटरही बरोबर. त्यांचा स्थानिक लेफ्टनंट हिंदी चांगलं बोलायचा. "यल्ला, चलो, खोलो," म्हणाला. डेंटरने स्वतःच छिन्नी लावली. पुट्टीचा जाड पोपडा निघाला, खाली जुना रंग तसाच, आणि त्यावर सायकलच्या निळ्या रंगाचा ओरखडा. नेहमीसारखं काम केलं असतं तर तो घासण्यातच गेला असता. शेठच्या घाईने पुरावा झाकून जपून ठेवला होता.

शेठ माझ्याकडे बघत म्हणाला, "माझ्या घरचं जेवलात, साहेब." मी पंचांच्या सह्या घेत असल्यासारखा कागदात डोकं घालून उभा राहिलो.

या केसने मला माझीच ओळख करून दिली. गरिबाच्या तोंडचं खोटं मी पहिल्या मिनिटाला पकडलं आणि मित्राचं पकडायला दीड महिना घेतला. ड्रायव्हर सुटला, दोघे भाऊ गावी निघाले. विमानतळावर धाकट्याने वाकून नमस्कार केला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "साहेब, मी नव्हतो हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग?"

सगळी नोकरी मी लोकांना प्रश्न विचारण्यात घालवली. त्याच्या प्रश्नावर मात्र मी त्याची बॅग उचलून द्यायला वाकलो. ती त्याने माझ्याआधी उचलली आणि तो भावाच्या मागे आत गेला.