आंबगुळीचं फळ

सह्याद्रीतल्या एका रानवाटेवर माझी बायको उमा एका वेलीपाशी थांबली. पानांआड लालसर, ठिपकेदार फळं लोंबत होती.

"ही कसली रे?"

"आंबगुळी. खा, आंबटगोड लागते," मी सांगून टाकलं. खरं तर पुस्तकातलं एक चित्र तेवढं पुसटसं आठवत होतं. तिनं दोन फळं तोडली आणि एक तोंडात टाकलं.

थोडं चढून गेल्यावर ती म्हणाली, "जीभ जड झाल्यासारखी वाटतेय."

मी खिशातून फोन काढला. गाव दोन तास मागे राहिलं होतं, फोनला रेंज नव्हती. मघापर्यंत ओळखीचं वाटणारं रान एकदम परकं झालं. मी पुन्हापुन्हा तिच्या ओठांकडे, डोळ्यांकडे बघत होतो. झाडाचं नाव सांगणं मला आजवर नुसती हौस वाटायची. कुणी त्या नावावर विसंबून घास गिळतं, हे कधी मनातच आलं नव्हतं.

समोरून मोळी घेऊन एक म्हातारी आली. उमाच्या हातातलं दुसरं फळ मी घाईघाईनं म्हातारीपुढे धरलं.

"आंबगुळीच की ही! जीभ धरतीच जरा," ती हसली. मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "ठावं नव्हतं, तर बाईला खायाला दिलीस कशाला?"

"तुला माहीत नव्हतं?" उमानं हळूच विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

पुढे दिवसभर आम्ही रानातच होतो. तिनं मला एकाही झाडाचं नाव विचारलं नाही.