कप की डबा

व्हिडिओ गेम हा खेळ म्हणायचा की नाही, यावरून माझे दोन भाचे जेवता जेवता हमरीतुमरीवर येतात. मी मध्ये पडत नाही. आमच्याकडे या प्रश्नाचा निकाल नव्वदच्या दशकातच लागला होता, गुजरातेत, लिंबायतच्या गणपतीच्या मांडवात, आणि तो देणारे पंच माझे वडील होते. निकाल माझ्या मनासारखा लागला आणि त्यात नुकसान माझंच झालं.

आबा लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कामाला होते. खान्देशात गावी असताना कबड्डी खेळलेले, म्हणून मंडळाच्या सगळ्या सामन्यांना पंच तेच. दिवसभर लूमच्या खडखडाटात बोलून आवाज असा झालेला की माइकची गरज पडत नसे.

मंडळाच्या बक्षिसांचे दोन ढीग असत. कबड्डी, धावणं, कॅरम म्हणजे ‘क्रीडा’. तिथं जिंकणाऱ्याला कप आणि हरणाऱ्याला टाळ्या. रांगोळी, संगीत खुर्ची, लिंबू-चमचा म्हणजे ‘मनोरंजन’. तिथं पहिल्या तिघांना स्टीलचे डबे. क्रीडेच्या यादीत मुलींसाठी काही नसायचंच. त्यामुळे मी दर वर्षी एखादा डबा घरी आणायची आणि आई त्यात डाळ भरायची. आई खूश होती. मला मात्र कप हवा होता. घरात मांडायला शोकेस कुठली, पण मांडवापासून घरापर्यंत तो हातात धरून चालत यायचं होतं, सगळ्या गल्लीच्या देखत.

एका वर्षी मंडळाच्या अध्यक्षांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. त्यांचं साडीचं दुकान होतं आणि अंगात नव्याची हौस दांडगी. मुलं-मुली एकत्र स्पर्धा, असं त्यांनी जाहीर केलं आणि मी मनातल्या मनात कप उचललासुद्धा. कारण तो गेम मला पाठ होता. शेजारच्या गुजराती मासींकडे तो होता आणि त्यांच्या मुलाला त्याचा केव्हाच कंटाळा आला होता. दुपारी मासींबरोबर साड्यांना टिकल्या लावायच्या, काम उरकलं की मी टीव्हीसमोर. दोघांनी एकाच वेळी विमानं पाडायची, ज्याचे गुण जास्त तो जिंकला.

पण हे घालायचं कुठल्या ढिगात, यावरून कार्यकर्त्यांत जुंपली.

“कॅरमला कप देतो ना आपण? तिथं कुणाचे पाय हलतात?” अध्यक्ष म्हणाले.

“जठे घाम नही, तठे खेळ नही,” आबा म्हणाले. “डबा द्या.”

मी तिथंच उभी होते. सख्खा बाप असा उलटल्यावर कुणाकडे बघायचं? शेवटी अध्यक्षांनी तोड काढली. स्पर्धा होऊ द्या, आबाच पंच राहतील, आणि संपल्यावर ते सांगतील ते खरं.

आबांनी पंचगिरीत कसूर केली नाही. टीव्हीसमोर नारळ फोडला, नाणेफेक केली, शिट्टी फुंकली. लोक पोट धरून हसले. शेवटच्या फेरीत मी आणि पानटपरीवाल्यांचा मुलगा उरलो. तो व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मुरलेला होता, तरी मी चांगलीच पुढे होते. वेळ संपत आली आणि लाइट गेली.

लाइट आली तेव्हा पडद्यावर दोन्हीकडे शून्य. मशीनला काही आठवत नव्हतं. तो मुलगा प्रामाणिक निघाला. “सच बोलूं तो इसके ज्यादा थे,” म्हणाला. मी आबांकडे पाहिलं. आणि तेव्हा कळलं की पंचांनाही काही माहीत नव्हतं. कबड्डीचा पंच खेळणाऱ्यांचे हातपाय बघतो, गुण लिहायला दुसरा माणूस असतो. आबा सगळा वेळ आमच्या हातांकडे बघत बसले होते. पडद्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

“पुन्हा खेळा,” आबा म्हणाले.

पोरगा स्वतः कबूल करतोय, मग देऊन टाका हिला, असं दोघं-तिघं म्हणाले. आबांनी मान हलवली. “मन्ही पोर शे. लोके काय म्हणतीन?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच खेळायला बसले आणि सपाटून हरले. हातातला गेमचा रिमोट आपटला आणि भर मांडवात भोकाड पसरलं. संगीत खुर्चीतल्या मैत्रिणी समोर बसून बघत होत्या, तरी रडू थांबेना.

अध्यक्षांनी माइक आबांपुढे धरला. “बोला पंच, क्रीडा की मनोरंजन?” नाक पुसता पुसता मी देवाला विनवत होते, मनोरंजन म्हणा, निदान डबा तरी मिळेल. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि माइक बाजूला सारून म्हणाले, “क्रीडा.”

कप त्या मुलाला मिळाला. मला टाळ्या.

घरी जाताना मी म्हणाले, “घाम नाही तर खेळ नाही, असं तुम्हीच म्हणत होता. मग आज काय झालं?”

आबा थोडं चालून थांबले. “संगीत खुर्चीमां हारनी, तवय कधी रडनी व्हती का?”

नव्हते. खुर्ची गेली की मी हसत बाहेर यायची.

“मंग?” म्हणाले आणि पुढं चालायला लागले.

एरवी मी रडले की आबा कोपऱ्यावरच्या गाडीवरून भजी घेऊन देत. त्या दिवशी गाडीजवळून सरळ पुढं गेले. मला राग आला, आणि दहा पावलं गेल्यावर रागातच बरंही वाटलं. हरून आलेल्या कबड्डीच्या पोरांनाही ते कधी भजी देत नसत.