एका रविवारी एकोणीस पुस्तकं

एका रविवारी मी एकोणीस इंग्रजी पुस्तकं वाचली, अशी नोंद आहे. त्या दिवशी मी सकाळपासून संत्र्याच्या झाडावर होतो.

मी अकोल्याच्या एका शाळेत गणित शिकवतो. शाळेत सेमी-इंग्रजीचा वर्ग सुरू होणार होता आणि तो मला हवा होता. फार हवा होता! अट एकच. मोठ्या माणसांसाठीच्या ऑनलाइन वाचनवर्गात चित्रांची, सोपी पन्नास इंग्रजी पुस्तकं मोबाईलवर वाचायची. शब्दकोश उघडायचा नाही, अडलं तर पुढे जायचं. पुस्तक संपलं की मोबाईलमध्ये बोलून मत नोंदवायचं, भाषा कोणतीही चालेल. मुदत रविवार संध्याकाळ. शनिवारी माझी एकतीस झाली होती आणि मी शेंदूरजनाघाटला घरी आलो होतो, कारण दुसऱ्या दिवशी आमच्या बागेची तोडणी!

"बाबा, मी उद्या घरीच बसून वाचतो."

"अन् संत्रे कोन तोडते? तुहे हेडमास्तर?"

"एकोणीस पुस्तकं राहिलीत हो!"

"एकल्यानं कधी बाग तुटते काय? तू झाडाले हात लाव, तुह्या पुस्तकाले आमी लावतो. दे इकडं तो मोबाईल."

(मी कडाडून विरोध केला, असं लिहायला मला आवडलं असतं. मी लॉक काढून दिलं!)

बाबा, आई आणि आत्या फळं निवडायला ढिगाशी बसले. मोठी फळं एकीकडे, बारकी दुसरीकडे, मध्ये माझा मोबाईल. मत नोंदवावं लागतं हे सांगायला मी विसरलो. मोबाईल विसरला नाही. 'तुमचं मत सांगा' असं तो चक्क मराठीत विचारायचा, आणि आमच्या घरात मत विचारल्यावर कोणी गप्प बसत नाही.

सोमवारी ऑनलाइन बैठक झाली. समोर मुख्याध्यापक, चाळीसेक शिक्षक आणि अमरावतीहून वाचनवर्ग घेणाऱ्या बाई. "सरांची मतं सगळ्यांनी ऐका," म्हणत बाईंनी मोबाईलमधली मतं लावली.

पहिला आवाज बाबांचा. "या गोऱ्या मानसानं सफरचंदाचं झाड भलतंच बेकार छाटलं. पुस्तक चांगलं हाये, मानूस बिनकामाचा."

मग आत्या. "एवढुशी पोरगी जहाजात एकली! हिची माय कुठं हाये? मले त धीरच नाई निंगला, मी शेवटचं पान आधी पाह्यलं. सापडली बाप्पा!"

मग आई. "पाहुणा एवढ्या बर्फातून आला, अन् त्याले नुसता चहा? मले नाई पटलं हे पुस्तक."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. "सर, पुस्तकागणिक तुमचा आवाज बदलतो का?"

मी सगळं कबूल केलं. बाई मात्र हसत होत्या.

"ही एकोणीस मंजूर," त्या म्हणाल्या. "ती कुणीतरी जीव लावून वाचली आहेत. प्रश्न आधीच्या एकतिसांचा आहे."

आणि त्यांनी माझी मतं लावली. एकतीस वेळा माझाच आवाज, एकाच सुरात : "व्हेरी नाइस बुक. आय लाइक इट." (सातवं पुस्तक भूकंपावर होतं!)

"सर, ही तेवढी पुन्हा वाचा."

सेमी-इंग्रजीचा वर्ग दुसऱ्या सरांना मिळाला. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. इंग्रजी वाचनात नापास होणाराही पहिलाच. बाकीचे तिघं संत्री निवडता निवडता पास झाले!