छताला चार भोकं
उन्हं तापली की पोर्चमधल्या कयाक होडीच्या प्लास्टिकचा वास सुटतो आणि वडिलांची बाज आठवते. सौंसरच्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये गाडीशेजारी बाजेपुरतीच जागा होती. रस्त्याने जाणाऱ्यांचे रामराम घेत ते तिथे पडून असत. रामाकोन्याच्या नदीसाठी ही लांबलचक होडी मी हौसेने आणली, तेव्हा ते म्हणाले, "छताले टांग ना, मी खाली पडून राहीन." "नवा रंग हाये बाबा, भोकं पडतीन." "मंग माही बाज मागच्या खोलीत ने. रामराम कराले तिथं पाल हायेच." मी खरंच नेली. ते वारल्यावर छताला चार भोकं पाडून होडी वर टांगली. अर्धा तासही लागला नाही. खालची जागा आता रिकामी आहे, पण दमून घरी आलो तरी मला तिथे बसवत नाही.