येळवसला गल्ली कोणी राखली

नांदेडहून लातूरला जाणं म्हणजे काही प्रवास नव्हे, असं पुण्यातल्या माझ्या धाकट्या भावाचं मत आहे. प्रवास म्हटला की त्याला विमान लागतं, निदान एखादा घाट तरी. मराठवाड्यात बघण्यासारखं काय आहे, हा त्याचा ठरलेला प्रश्न. मी हदगावची. सगळी नोकरी नांदेडला पोरांना गणित शिकवण्यात गेली आणि असल्या प्रश्नांची उत्तरं देण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. हे लिहिते आहे ते मुख्यतः त्याच्यासाठी. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही.

निघाले ते पेमाच्या फोनमुळे. पेमा तिबेटी. हिवाळ्यात रस्त्याकडेला रंगीत स्वेटरांचे तंबू लागतात आणि आपण सगळे बिनदिक्कत ज्यांना नेपाळी म्हणतो, त्यांच्यातली ती एक. जन्मली गोंदियाकडच्या तिबेटी वसाहतीत, त्यामुळे मराठी बोलते ती विदर्भाच्या वळणाची. गेल्या हिवाळ्यात तिचं दुकान नांदेडला होतं आणि आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर ती आईला घेऊन भाड्यानं राहिली होती. तिच्या आईला सगळे आमा म्हणतात. तिबेटीत आमा म्हणजे आई.

आमा सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, हसली की डोळे दिसेनासे होतात. पण नांदेडला ती फारशी हसली नाही. पायात बूट घालून, कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन ती दाराच्या आत बसायची. मी जिन्यातून जाताना फटीतून तिचे बूट दिसायचे. रात्री झोप नाही, जेवणाकडे लक्ष नाही. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्या घेऊन ती बूट घालूनच झोपायची. आमची कॉलनी वाईट नाही हो. पाणी वेळेवर येतं, भांडणं होत नाहीत. दारं बंद असतात एवढंच.

पेमानं एकदा मला सांगितलं होतं. आमा लहान असताना एका सकाळी उठली तर तिचं अख्खं गाव रिकामं होतं. शिपाई येताहेत अशी बातमी आली आणि लोक अंधारातच निघून गेले. हिची आई तापानं फणफणलेली, म्हणून या दोघी मागे राहिल्या. शेजाऱ्यांच्या दारांना कुलपं. दोघींनी बर्फातला डोंगर पुढे आपल्या आपण ओलांडला. कोणी मागे वळून त्यांना बघायला आलं नाही.

"ताई, येळवसला लातूरला या," पेमा फोनवर म्हणाली. "यंदा आम्ही परत इथंच आलो. आमानंच हट्ट केला. पण मला भेव लागून राहिलं. त्या दिवशी तुम्ही असलात तर बरं होईल."

भीती कसली ते मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी येळवसलाच आमा लातुरातून हरवली होती, आणि त्या धास्तीनंच पेमा नांदेडला आली होती. "यंदा काही झालं तर आमाला वसाहतीत एकटीला ठेवून यावं लागेल," ती म्हणाली. "न ठेवावं तर धंदा सोडावा लागेल. मग खायचं काय?"

सणाच्या आदल्या दिवशी मी लातूरची एसटी धरली. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी लातूरकडची माणसं घरदार बंद करून रानात जातात, कडब्याच्या खोपीत पाच पांडव मांडून पूजा करतात आणि शेतातच जेवतात. आमच्या घरी हा सण नव्हता, मी नुसता ऐकून होते. लोह्याला बस भरली आणि पुढे पाय ठेवायला जागा उरली नाही. कोणाच्या हातात मेथीच्या जुड्या, कोणाच्या मांडीवर बिंदगी (आंबिलीचं मातीचं मडकं). शेजारच्या बाईंनी बसल्या बसल्या विचारलं, "कुनाच्या रानात?"

"कुणाच्याच नाही. ओळखीच्यांकडे चालले आहे."

"आसं कसं? चाकूरला उतरा माझ्यासंगं. आमचं रान हाय की."

त्यांना नाही म्हणेपर्यंत मागच्या सीटवरून दुसरं आमंत्रण आलं आणि अहमदपूरला चहा पिताना कंडक्टरनं तिसरं दिलं. मी त्यांना ओळखत नव्हते, ते मला ओळखत नव्हते. पुण्याच्या बसमध्ये मला कधी कोणी शेंगदाणाही विचारलेला नाही, हे इथे मुद्दाम नोंदवते.

लातूरला उतरले तेव्हा माझ्या पिशवीवर कोणाचं तरी कांद्याच्या पातीचं ओझं येऊन सगळे कपडे हिरव्या वासाचे झाले होते. गंजगोलाईच्या बाजारपेठेपासून चालत जाता येईल एवढ्यावर ती गल्ली आहे. समोरासमोर घरं, प्रत्येकाला ओटा, दारं अर्धी उघडी. नवं माणूस आत शिरलं की चौकशी केल्याशिवाय पुढे सोडायचं नाही, असा बहुधा ठरावच झालेला असावा. मी पेमाच्या दारी पोहोचेपर्यंत कुठून आले, किती लेकरं आहेत आणि पेन्शन किती मिळते, इतकं विचारून झालं होतं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली. तिसऱ्याला मी खोकले.

आमा घरमालकीणबाईंच्या ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मला पाहून तिचे डोळे नाहीसे झाले. नांदेडला मी जिच्याकडे फटीतून बघायचे ती हीच का, असा मला प्रश्न पडला. गाठोडं कुठे दिसत नव्हतं. बूट मात्र पायात होते.

घरमालकीण सुशीलाकाकू. आवाज असा की रानातून हाक मारली तर गल्लीत ऐकू यावी. भज्जीसाठी (डाळी, शेंगा, पालेभाज्या घालून ताकात शिजवलेलं पातळ बेसन) सोलणं निवडणं चाललं होतं, त्यातच त्यांनी मला दोन वर्षांपूर्वीची हकिगत सांगितली.

"आमच्यात एक रीत हाय बाई. ज्याला रान न्हाई त्याला शेजाऱ्यानं न्यायचं. येळवसला कुनी मागं ऱ्हाऊ नये. आता आमा माझी भाडेकरू, म्हनून अख्ख्या गल्लीला वाटलं, सुशीला नेनार. आन् मला वाटलं समोरची मंगल नेनार, कारन आमा दिसभर तिच्या वट्यावर. विचारलं कुनीच न्हाई."

"मग?"

"रानात पंगत बसली. मी मंगलला फोन लावला, आमाला भज्जी आवडली का म्हनून. ती म्हनली, काकू, आमा तर तुमच्याकडं हाय." काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली. "माझ्या हातातला घास हातातच ऱ्हायला."

त्या दिवशी पेमा दुकानावर होती. आमा दुपारी झोपून उठली तर गल्लीत चिटपाखरू नाही आणि दारोदार कुलपं. तिनं बूट घातले, गाठोडं बांधलं आणि निघाली. इकडे फोन फिरला आणि गल्लीतली सगळी माणसं ताटं टाकून आपापल्या रानातून उठली. कोणी जीप काढली, कोणी मोटरसायकल. दिवस मावळताना औशाच्या रस्त्याला एका बाभळीखाली आमा मंगलला सापडली.

"तरी आमाला परत इथंच यायचं होतं?" पेमा दुकानावरून आली तेव्हा मी तिला विचारलं.

"मी पण हेच विचारलं. आमा म्हणे, नांदेडला मी हरवले नाही, पण हरवले असते तर कोणाला समजलंच नसतं. इथं लोक शोधायला आले."

हे ऐकून मला लातूरचा असा अभिमान वाटला, जणू ती गल्ली मीच वसवली आहे. नांदेडकर म्हणून थोडं लागलंही.

संध्याकाळी नळापाशी आमंत्रणांची गर्दी झाली. दोन वर्षांपूर्वीच्या चुकीची भरपाई प्रत्येकाला करायची होती. मंगल म्हणे आमची, काकू म्हणे आमची. कोणी मऊ गादी टाकलेल्या ट्रॅक्टरचं आमिष दाखवलं. आमानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी नाही येत. गुडघा. तुम्ही जा."

पेमाचा चेहरा पांढरा पडला.

"मग मीबी न्हाई जात," काकू म्हणाल्या. मीही थांबते म्हणाले. आमानं दोन्ही हात हलवून आम्हाला झटकलं. मग ती पेमाशी तिबेटीत बराच वेळ बोलली. पेमानं दोनदा मान हलवून नकार दिला, तिसऱ्यांदा दिला नाही.

"ती म्हणते, कुलूप बघितलं की वाटते सगळे निघून गेले. किल्ली माझ्याजवळ असली तर सगळे परत येतील. किल्ल्या द्या म्हणते. गल्ली मी राखते."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. साहजिक आहे. घर ते घर, त्यात दागिने, त्यात कालपरवा विकलेल्या सोयाबीनचे पैसे. मागून कोणीतरी चोरांचं काहीतरी पुटपुटलं. मंगलनं मात्र कमरेची किल्ली सोडली आणि आमाच्या हातावर ठेवली. मग काकूंनी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी रानात निघताना बाकीचे एकेक करून आले. आमा कमरेला पट्ट्यापट्ट्यांचा रंगीत कपडा बांधते, तो तिच्याकडे लग्न झालेल्या बायका बांधतात. त्यात सगळ्या किल्ल्या टाकून तिनं गाठ मारली. चालताना त्या वाजत होत्या. पेमानं आपला जुना मोबाइल तिच्या हातात देऊन तो कसा उचलायचा ते पुन्हा दाखवलं.

पेमा आणि मी काकूंच्या जीपमधून निघालो, काकूंचे यजमान नागनाथअण्णा ती चालवत होते. शहर ओलांडलं आणि दोन्ही बाजूंनी माणसंच माणसं दिसायला लागली. डोक्यावर बिंदग्या घेतलेल्या बायका, टोपल्या, नवे कपडे. काळ्या रानात ज्वारी पुरुषभर वाढलेली, हरभरा घाट्यावर आलेला. खोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून अण्णांनी पूजा केली, रानाच्या चारी कोपऱ्यांना आंबील शिंपडली. मग पंगत. भज्जी, बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि लसणाची फोडणी दिलेली गार आंबील. मी दोन माणसांचं जेवले आणि काकू म्हणत राहिल्या की बाई काहीच जेवल्या नाहीत. माझ्या भावानं आयुष्यात असलं काही खाल्लेलं नाही. ते त्याच्या नशिबात नाही, त्याला मी काय करू?

पेमानं घास घेतला नाही. ती बांधावर उभी राहून फोन लावत होती. वाजतो, उचलत नाही. पुन्हा लावला. वाजतो, उचलत नाही.

"झोपली आसंल," काकू म्हणाल्या, पण त्यांचंही ताट तसंच होतं.

शेजारच्या रानातून मंगल आली. ती थेट जीपजवळ जाऊन उभी राहिली. येळवसला दिवस मावळल्यावर कडब्याची पेटती पेंढी, तिला हेंडगा म्हणतात, घेऊन रानाला फेरी घालतात आणि मगच घरी निघतात. अण्णांनी आकाशाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि आपल्या धाकट्या भावाला म्हणाले, "हेंडगा तू फिरव. आमी निगतो."

परतताना मंगलची नजर रस्त्याच्या कडेला प्रत्येक बाभळीखाली जात होती. शहर खरोखरच ओस पडलं होतं. दुकानं बंद, चौक मोकळे, एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपलेलं. भर वस्तीत एवढी शांतता मला सहन होईना, तर आमाचं काय झालं असेल? गल्लीच्या तोंडाशी पेमानं जीप थांबायच्या आतच उडी मारली आणि जागच्या जागी उभी राहिली.

गल्लीतलं एकेक दार सताड उघडं होतं. प्रत्येक घरात दिवा लागलेला. ओटे झाडलेले, तुळशीला पाणी घातलेलं. कुठल्याशा घरात रेडिओ चालू होता. माणूस नव्हतं, पण गल्ली सगळी घरी असल्यासारखी दिसत होती. काकूंच्या ओट्यावर आमा भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर मंगलचं मांजर झोपलं होतं.

"आमा, फोन कामून उचलला न्हाईस?" काकू ओरडल्या. आवाज ओरडण्याचा, पण डोळ्यांना पदर लावलेला.

फोन पेमाच्या खोलीत राहिला होता आणि आमा दिवसभर या घरातून त्या घरात.

"आन् ही दारं? चोर आला आसता म्हंजे?"

"उजेड हाय," आमा शांतपणे म्हणाली. "मानूस हाय. चोर कसा येईल?"

'हाय' हा शब्द ती लातुरातच शिकली असणार. मी तिच्या पायांकडे बघितलं. पाय अनवाणी होते. बूट आत, काकूंच्या उंबऱ्याजवळ, घरातल्या चपलांच्या रांगेत ठेवलेले. पेमाही तिकडेच बघत होती. ती खाली बसली, आमाचे पाय तिनं हातात धरले आणि रडली. काकूंनी भज्जीचा डबा उघडला, आमाला वाढलं, मग पेमाला वाढलं. बाकीचे लोक रानातून येत गेले तसतशा आमानं ज्याच्या त्याच्या किल्ल्या परत दिल्या. एकानंही आत जाऊन काही तपासलं नाही. मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी निघताना आमानं मला आपल्या दुकानातली लोकरीची टोपी दिली. वय झालं की डोकं जपावं, असं पेमानं भाषांतर केलं. माझ्या वयाबद्दल आमाला बोलायचा काय अधिकार आहे, हे मी विचारलं नाही.

नांदेडला पोहोचले तेव्हा दुपार होती. आमच्या जिन्यात नेहमीसारखी शांतता. खालच्या मजल्यावरचं आमाचं दार बंद, तिथे अजून भाडेकरू आलेला नाही. वर आले, पिशवी खाली ठेवली. तिला अजून कांद्याच्या पातीचा वास येत होता. कुलूप काढलं, पण आत गेले नाही. दुसरी किल्ली पर्समधून काढली आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. त्या घरात राहणाऱ्या बाई आणि मी इतकी वर्षं जिन्यात एकमेकींना नुसतं हसत आलो आहोत.

त्यांनी दार किलकिलं केलं. मी किल्ली पुढे केली.

"ही तुमच्याकडे ठेवाल?"

"कुठे निघालात का, बाई?" त्यांनी किल्लीकडे, मग माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे बघत विचारलं.

"कुठेच नाही," मी म्हणाले. "इथेच आहे. तरी असू द्या तुमच्याकडे."